उन्हाळ्यातली ऊब

१.
एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतात. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत जायचं. हा तक्ता पिल्लं विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे छापलेला मिळतो. तो हिवाळा डोळ्यांसमोर ठेवून वाचायची सवय आपल्याला आहे: ऊब कमी पडली तर वाढवा. अकोल्यात मे महिन्यात दुपारी पारा ४४ वर गेला की तक्ता उलटा वाचावा लागतो, आणि ते कुणी शिकवत नाही.

२.
थर्मामीटर बहुतेक ठिकाणी भिंतीवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला असतो. पिल्लू जमिनीपासून दोन इंचांवर राहतं. थर्मामीटर त्याच्या पाठीच्या उंचीवर हवा, बल्बच्या बरोबर खाली नव्हे, तर ऊब जिथे संपत येते त्या काठाशी.

३.
पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली आणि जोरजोरात ओरडत असली तर गारठली आहेत. बल्बपासून दूर, भोवतीच्या पत्र्याच्या कडेला चिकटून, पंख अंगापासून सोडून, चोच उघडी टाकून बसली तर तापली आहेत. सगळी एकाच बाजूला गेली तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सगळीकडे विखुरलेली, काही खाताहेत, काही पाणी पिताहेत, काही मान टाकून आडवी झोपली आहेत, तर बरोबर आहे.

पहिल्यांदा पिल्लं आणणारा माणूस ती आडवी झोपलेली बघून हमखास घाबरतो.

४.
गारठलेलं पिल्लू गोंगाट करतं. तापलेलं गप्प होतं. म्हणून उन्हाळ्यात कानावर विसंबता येत नाही, उठून जाऊन बघावंच लागतं.

५.
वाडेगावच्या वाटेवर एका घरी मे महिन्यात खोक्याशेजारी बल्ब तयार ठेवलेला दिसला. नातवाने विचारलं, ‘‘आजी, एवढ्या उन्हात बल्ब कशाला?’’
‘‘ऊन दुपारचं. पहाटे चारला उठून बघ मग सांग.’’

पहाटे तिथे २७–२८ अंश असतात. आपल्याला ती झोपेची वेळ. चार दिवसांच्या पिल्लाला सात-आठ अंश कमी पडतात.

६.
मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या पुढे असतं. माणसाचं ३७. नुकत्या निघालेल्या पिल्लाचं ४० च्या आसपास, पण ते त्याला स्वतः टिकवता येत नाही. अंगावर लव असते, पिसं नसतात. आपलं तापमान आपण सांभाळायची क्षमता यायला दोन आठवडे लागतात. तोवर बाहेर जे असेल ते हळूहळू आत उतरतं, गारठा असो की उष्मा.

हॅचरीतली माणसं पिल्लाचं तापमान बघायला लहान मुलांच्या कानात घालायचा थर्मामीटर वापरतात, तो पिल्लाच्या मागच्या बाजूला लावतात. ३९.४ ते ४०.५ आलं तर ठीक.

७.
थर्मामीटर नसेल तर पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघावेत. पाय गार लागले तर पिल्लू गार आहे.

८.
इजिप्तमध्ये विटामातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवण्याची कला फार जुनी. तिथली अंडी उकिरड्याच्या उबेत फुटतात अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. त्या भट्ट्यांतले कामगार तापमान कसं ओळखत? अंडं उचलून मिटलेल्या पापणीला लावत. पापणीची कातडी पातळ, तिला थोडासाही फरक कळतो म्हणत. बापाकडून मुलाकडे हे काम जाई.

फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने या भट्ट्यांविषयी माहिती गोळा करून १७४९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि स्वतः लिदीने भरलेल्या पिंपांच्या उबेत अंडी फोडून पाहिली. तापमापकाची एक मोजपट्टी याच माणसाच्या नावाने ओळखली जाते.

९.
पक्ष्याला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथीच नसतात. उष्णता बाहेर टाकायची ती श्वासातून आणि पिसं नसलेल्या जागांतून: तुरा, कल्ले, पाय. पिल्लाला तुरा नाही, कल्ले नाहीत, पाय इवलेसे. उरतो श्वास. म्हणून धापा.

धापा फार वेळ चालल्या की अंगातला कार्बन डायऑक्साइड जास्त जातो आणि रक्तातलं आम्ल-अल्क संतुलन बिघडतं. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट घालतात त्यामागे हे कारण आहे. धाप लागलेलं पिल्लू खात नाही. पाणीही तेव्हाच पितं, जेव्हा ते चार पावलांवर असतं.

१०.
टिटवी उघड्या माळावर चार खड्यांच्या मध्ये अंडी घालते, ऐन उन्हाळ्यात. वर झाड नाही, झुडूप नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्या जमिनीला हात लावून बघा. टिटवी आणि तिचा नर आळीपाळीने डबक्यावर जातात, पोटाची पिसं भिजवतात, परत येऊन अंड्यांवर बसतात. पिल्लं निघाल्यावर ओल्या पोटाने त्यांच्यावर उभी राहतात. उबवण्यासाठी बसणं आणि गार करण्यासाठी बसणं, लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

पखुर्डीचा नर आणखी लांब जातो. पाणवठ्यात बसून पोटाची पिसं चिंब करतो, तसाच उडत पिल्लांकडे येतो, आणि पिल्लं त्या पिसांतून पाणी चोखतात.

११.
खुडूक कोंबडीच्या छातीवरची पिसं झडतात आणि कातडीखाली रक्तवाहिन्या दाटतात. तो उघडा भाग ती अंड्यांना लावते. एकवीस दिवस. दिवसातून एकदा, थोडाच वेळ, दाणापाण्याला उठते. उन्हाळ्यात जरा जास्त वेळ उठते. तिला कुणी तक्ता दिलेला नाही.

पिल्लं निघाल्यावरही तेच. पिल्लू गारठलं की पंखाखाली शिरतं, तापलं की बाहेर येतं. दर पिल्लागणिक वेगळा हिशेब. बल्ब सगळ्यांना एकच ऊब देतो, म्हणून बल्बवाल्याने खोक्यात दोन जागा ठेवाव्यात, एक उबेची, एक गारव्याची. निवड पिल्लू करतं. उन्हाळ्यात मरतात ती पिल्लं बहुतेकदा अशा खोक्यात, जिथे पळायला जागा नसते.

१२.
पुठ्ठ्याचं खोकं, वर झाकण, झाकणाला बल्ब. हिवाळ्यात चालून जातं. उन्हाळ्यात ती भट्टी आहे. कृपा करून करू नका.

१३.
बल्बचा ढोबळ हिशेब: हिवाळ्यात पिल्लामागे दोन वॅट, उन्हाळ्यात एक. म्हणजे पन्नास पिल्लांना ५० वॅट, तेही रात्री आणि पहाटे. दुपारी बंद. २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड बल्ब विदर्भातल्या मे महिन्यात पन्नास पिल्लांवर लावू नये.

१४.
जुना पिवळा बल्ब घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवायचा. त्याला नालायक ठरवायचं कारण तेच होतं. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना आली आणि घराघरांत नऊ वॅटचे एलईडी पोचले. वीज वाचली, ते चांगलंच झालं. परसात पंचवीस पिल्लं पाळणाऱ्या बाईला मात्र आता पिवळा बल्ब तालुक्याच्या दुकानात मागून घ्यावा लागतो. काही जणी एलईडी लावतात, खोकं उजळलेलं दिसतं, आणि पहाटे पिल्लं गोळा होऊन चेंगरलेली सापडतात. उजेड म्हणजे ऊब, हा समज शंभर वर्षांचा आहे.

१५.
वळीव.

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी ४२, चारला ढग, पाचला धुळीचा लोट, सव्वापाचला टपोरे थेंब, मग गारा. अर्ध्या तासात दहा-बारा अंश खाली. शेडचे पडदे गुंडाळून वर बांधलेले असतात, कारण दिवसभर उकडत होतं. पाऊस आडवा येतो. खाली अंथरलेलं तूस भिजतं, पिल्लं भिजतात. भिजलेलं पिल्लू २८ अंशांतही गारठून मरतं.

उन्हाळ्यात पिल्लं थंडीने मरतात असं सांगितलं की लोक हसतात. वळवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या लोकांनी शेडवर यावं.

पडद्याची दोरी अशी बांधावी की एका माणसाला एका ओढीत सोडता येईल. गाठ नको, फास हवा.

१६.
हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश झाल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनाऱ्यावर ही पातळी ३७ आहे. अंडी उबवण्याच्या यंत्रात तापमान ठेवतात ३७.५ च्या आसपास.

१७.
विदर्भात ओलं गोणपाट खिडकीला लावलं की आतली हवा गार होते. वाळ्याचा पडदा असेल तर वासही येतो. हाच उपाय रत्नागिरीत केला तर काही होत नाही. हवेत आधीच दमटपणा, गोणपाटातलं पाणी उडून जायला तयार नसतं, आणि शेडमध्ये उकाड्याबरोबर ओल वाढते. ओल वाढली की खालचं तूस भिजतं, अमोनिया सुटतो, पिल्लांचे डोळे चुरचुरतात. कोकणात पाण्यापेक्षा वारा हवा: पंखा, उघड्या जाळ्या, छपराला उंची.

नागपूरचा पाहुणा गुहागरला जाऊन गोणपाट भिजवा म्हणून सांगतो. गुहागरचा पाहुणा यवतमाळला जाऊन जाळ्या उघड्या टाका म्हणतो, आणि दुपारी दोनच्या झळा पिल्लांवर येतात. दोघंही आपल्या गावी बरोबर असतात.

१८.
तूस मुठीत दाबून बघा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर फार ओलं. अजिबात गोळा न होता धूळ उडाली तर फार कोरडं. दाबल्यावर जमलं आणि सोडल्यावर सुटलं तर ठीक. उन्हाळ्यात दोन इंचांचा थर पुरतो. जाड थर उष्णता धरून ठेवतो.

१९.
शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी. मग उगवतीचं आणि मावळतीचं तिरपं ऊन लांब बाजूंनी आत येत नाही. हे पाया खणण्याआधी एकदाच ठरवायचं असतं. नंतर आयुष्यभर पडदे बांधत बसण्यापेक्षा खडू घेऊन जमिनीवर एक रेघ मारणं सोपं.

रेघ चुकली असेल त्यांच्यासाठी: पत्र्यावर चुन्याचा हात द्यावा, वर तुराट्या किंवा कडबा अंथरावा, आणि आत डोक्याशी पत्र्याची झळ किती येते ते हात वर करून बघावं.

२०.
झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियातला छोटा पक्षी. बाहेर तापमान २६ अंशांच्या वर गेलं की आई-बाप अंड्यांशी एक विशिष्ट आवाज काढतात, तोही उबवणीच्या शेवटच्या काही दिवसांत. ज्या अंड्यांनी तो आवाज ऐकला त्यांतून निघालेली पिल्लं उन्हाळ्यात कमी वजनाची वाढतात, आणि उष्ण हवेत लहान अंग सोयीचं असतं. हे संशोधन २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलं.

कोंबडीचं पिल्लूही फुटायच्या आधी, अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवल्यावर, आतून ओरडतं. खुडूक कोंबडी त्याला उत्तर देते. अंडी उबवण्याच्या यंत्राजवळ एकविसाव्या दिवशी कान लावा.

२१.
उन्हाळ्यात घरची अंडी उबवायला ठेवली की निम्मी वाया जातात, आणि दोष कोंबडीला मिळतो. खरी गोष्ट अशी की चोवीसेक अंशांच्या वर अंड्यातला जीव हळूहळू वाढू लागतो. अंडी आठवडाभर ३५–३६ अंशांच्या खोलीत टोपलीत राहिली तर अर्धवट वाढून तो जीव मरतो, कोंबडी खाली बसण्याआधीच. हॅचरीत अंडी १५ ते १८ अंशांत ठेवतात.

घरात उपाय: मातीचं मडकं ओल्या वाळूत अर्धं पुरायचं, वाळूवर रोज पाणी शिंपडायचं, अंडी मडक्यात. रुंद टोक वर. तोंडावर कापड. सात दिवसांच्या आत कोंबडीखाली. पूर्वी हे बहुतेक घरांत माहीत होतं. फ्रिज आल्यावर काही जणांनी अंडी फ्रिजमध्ये ठेवली, तिथे उलट गारठून गेली.

२२.
पिल्लांची वाहतूक. एका खोक्यात शंभर, चार कप्पे, कप्प्यात पंचवीस, चारी बाजूंना भोकं. पंचवीस का? कमी असली तर गारठतात, जास्त असली तर एकमेकांच्या अंगाने तापतात. उन्हाळ्यात काही जण कप्प्यात वीसच भरतात. शहाणपणाचं आहे.

पिल्लू फुटायच्या आधी अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोन-तीन दिवस निघतात. म्हणूनच अमेरिकेत १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं टपालाने जातात. आपल्याकडे एसटीच्या टपावर जातात. रात्रीच्या एसटीने जावीत. दुपारी एक वाजता तापलेल्या टपावर ठेवलेली शंभर पिल्लांची पेटी मी पाहिली आहे आणि कंडक्टरला विनवून ती खाली, ड्रायव्हरच्या मागे घ्यायला लावली आहे. त्याने घेतली, आणि पुढे प्रत्येक थांब्यावर भोकांतून डोकावून बघत होता.

२३.
पिल्लं आली की आधी पाणी, मग खाणं. पाण्यात थोडा गूळ. पहिल्या काही पिल्लांची चोच धरून पाण्यात बुडवायची. बाकीची बघून शिकतात. दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा कागदावर पसरायचा. चोवीस तासांनी रात्री हळूच गळ्याखालची पिशवी चाचपायची: शंभरातल्या पंच्याण्णव पिल्लांची भरलेली आणि मऊ हवी. कडक लागली तर खाल्लं आहे पण पाणी मिळालेलं नाही.

२४.
पिल्लू एरवी खाण्याच्या दुप्पट पाणी पितं. कडक उन्हाळ्यात चौपटीपर्यंत. टाकी गच्चीवर, नळी उन्हातून, दुपारी तीनला भांड्यात येणारं पाणी हाताला चटका देतं. पिल्लं चोच लावतात आणि मागे होतात. ती तहानेने मरतात, भांडं भरलेलं असताना. टाकीवर गोणपाट, नळी जमिनीत. खर्च काही नाही.

खाणं सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. पचनाचीही उष्णता असते.

२५.
लस २ ते ८ अंशांत, बर्फाच्या डब्यात. पाचव्या-सातव्या दिवशी राणीखेत रोगावरची लासोटा. डबा घेऊन माणूस ३४ अंशांच्या खोक्याशी उकिडवा बसतो, एका हाताखाली बर्फ, दुसऱ्या हातात पिल्लू, डोळ्यात एक थेंब. सावलीत बसून, पहाटे, झटपट. बाटली हातात धरून गप्पा मारल्या तर लस हाताच्या उबेने कमजोर होते.

२६.
निकोबार बेटांवर मेगापोड नावाचा पक्षी आहे. तो अंडी उबवत नाही. वाळू, माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग करतो आणि त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याची आणि उन्हाची ऊब अंड्यांना पुरते. पिल्लू फुटतं ते पिसांसकट. स्वतः खणत वर येतं आणि जंगलात निघून जातं. त्याला आई-बाप सांभाळत नाहीत.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्यालगतचे यांचे कितीतरी ढीग वाहून गेले.

२७.
पिल्लापेक्षा मोठ्या पक्ष्याला उन्हाळा जड. पाच-सहा आठवड्यांचा दोन किलोचा ब्रॉयलर ३८ अंशांत धापा टाकतो, ४२ ला कोसळतो. त्याच अंगणातल्या खोक्यात पाच दिवसांचं पिल्लू ३४ अंशांत सुखात झोपलेलं असतं. मालक मोठ्या शेडकडे धावतो, तिथे गुंतलेला पैसा मोठा. खोक्याकडे संध्याकाळी लक्ष जातं. खोकं घरातल्या कुणाला तरी, शक्यतो शाळेला सुट्टी असलेल्या मुलीला नेमून द्यावं. दर तासाला जाऊन बघणं एवढंच काम. मुली हे काम फार नीट करतात.

२८.
मानेवर पिसं नसलेली कोंबडीची जात असते. अंगावरही पिसं बरीच कमी. लोक तिला कुरूप म्हणून घेत नाहीत. उष्ण प्रदेशात ती चांगली तगते, याचं कारण तीच उघडी मान.

२९.
पहिल्या आठवड्यात काही काळ मुद्दाम थोडी जास्त उष्णता दिली तर मोठेपणी तोच पक्षी उन्हाळा जास्त सोसतो, असे प्रयोग इस्रायलमध्ये झाले. घरी करून बघायची गोष्ट नाही. ‘काही काळ’ आणि ‘थोडी जास्त’ यांतली चूक पिल्लाच्या जिवावर येते.

३०.
मेअखेर नवतपा लागला की नवी पिल्लं आणू नयेत असं काही घरी पाळतात. मृगाचा पाऊस पडल्यावर आणतात. व्यापारी हिशेबात हे बसत नाही, कारण हॅचरी बारा महिने चालते. परसातल्या पंचवीस पिल्लांच्या हिशेबात मात्र थांबणं परवडतं. मी विचारणाऱ्याला थांबा म्हणून सांगते.

३१.
आणलीच असतील तर: पिल्लांभोवतीचा पत्रा उन्हाळ्यात तिसऱ्या दिवसापासून रोज थोडा मागे सरकवत जावा आणि सात-आठ दिवसांनी काढून टाकावा. काढल्यावर खोलीचे चारही कोपरे पुठ्ठा लावून गोल करून घ्यावेत. रात्री वीज गेली, वारा फिरला, की पिल्लं कोपऱ्यात जमतात, मागची पुढच्यांवर चढतात आणि तळची गुदमरतात. गोल कडेला ती सरकत राहतात. पुठ्ठा किराणा दुकानात फुकट मिळतो.